हळूच

एका वाचनालयाच्या दारावर पाटी आहे: ‘कृपया दरवाजा हळुवारपणे बंद करावा.’ निळ्यावर पांढरी छापील अक्षरं. कुणीतरी त्यातल्या ‘हळुवारपणे’वर बॉलपेनाने आडवी रेघ ओढलीय आणि वर बारीक अक्षरात लिहिलंय, ‘हळूच’. व्याकरणाच्या पेपरात दोन्ही शब्दांना पूर्ण गुण मिळतील. दोन्ही क्रियाविशेषणं, दोन्ही रीतिवाचक. तरीही ती पेनाची रेघ बरोबर आहे, हे मराठी कानाला लगेच कळतं, आणि का बरोबर आहे ते सांगायला गेलं की जीभ अडखळते. हळुवार म्हटलं की जखमेवर चिकटलेली पट्टी सोडवणारी बोटं आठवतात, झोपलेल्या बाळाच्या कपाळावरचे केस बाजूला सारणारा हात आठवतो. त्यात माया आहे, समोरच्याला दुखेल ही काळजी आहे. दाराला काही दुखत नाही. दाराच्या बाबतीत हवं असतं ते एवढंच, की लागल्याचं कुणाला कळू नये. त्यासाठी मराठीत शब्द आहे हळूच, आणि पेन हातात असलेल्या माणसाला तो न शोधता सापडला.

हळू या एका शब्दाभोवती किती लोक राहतात बघा. ‘हळू चाल’ म्हटलं की वेग कमी करायचा. ‘हळू बोल’ म्हटलं की आवाज कमी करायचा. बोलण्याचा वेग कमी करायचा असेल तर ‘सावकाश बोल’ म्हणावं लागतं. पंखा हळू केला की पाती संथ फिरतात, टीव्ही हळू केला की चित्र तसंच पळतं, फक्त आवाज उतरतो. गॅस मात्र हळू होत नाही, तो बारीक होतो. ‘हळूहळू सवय होईल’ यात दिवस, आठवडे आहेत. तिथे नुसतं ‘हळू सवय होईल’ म्हणून पाहा, वाक्य उभंच राहत नाही. आणि हळूच? ‘च’ एरवी ठासून सांगायला येतो: आजच, तोच, इथेच. इथे त्याने वेगळंच काम केलंय. हळूच म्हणजे ‘अगदी हळू’ नव्हे. ती हळू हसली म्हणजे हसण्याचा आवाज कमी होता. ती हळूच हसली म्हणजे शेजारच्याला कळलंसुद्धा नाही. मांजर हळूच येतं, चिमटा हळूच काढतात, ताटातला लाडू हळूच उचलतात. वेग किती होता हा प्रश्न तिथे उरतच नाही. लाडू उचलणारा हात विजेसारखा असू शकतो, तरी तो हळूचच.

हलका हा शब्दही याच घरातला. संस्कृतातल्या लघुकचं प्राकृतात हलुअ झालं. ‘ल’ आणि ‘ह’ यांनी जागा बदलल्या. म्हणजे मुळात वजनाची गोष्ट होती. पाऊल हलकं पडलं की वेग कमी वाटतो, आवाज कमी होतो, चाहूल लागत नाही. हळूचे सगळे अर्थ त्या एका हलक्या पावलात आहेत.

आता त्या खोडलेल्या शब्दाकडे यावं. हळुवारपणे कसा बनतो? हळुवार या विशेषणाला ‘पण’ लावलं की हळुवारपण हे नाम होतं, आणि त्याला ‘ए’ लागला की ‘हळुवारपण बाळगून’ अशा अर्थाचं क्रियाविशेषण. तीन पायऱ्या: विशेषण, नाम, विभक्ती. शहाणपणाने, वेडेपणाने यांत त्याच नामाला ‘ने’ लागतो. ही घडण वाईट आहे असं मुळीच नाही. कर्त्याच्या वृत्तीबद्दल बोलायचं असेल तिथे ‘पणे’ला तोड नाही: प्रामाणिकपणे सांगितलं, निर्लज्जपणे हात पसरला, शांतपणे ऐकून घेतलं. प्रामाणिक कोण? सांगणारा. शांत कोण? ऐकणारा. गुण माणसाचा आहे, तो क्रियेत उतरलाय, आणि ‘पणे’ने तो उतरवून दाखवलाय.

घोटाळा सुरू होतो तो गुण कर्त्याचा नसतो तेव्हा.

मसाल्याच्या पाकिटामागे कृती छापलेली असते: ‘कांदा बारीकपणे चिरून घ्या, भांडे स्वच्छपणे धुवा.’ स्वयंपाकघरात उभं राहून असं कुणी बोलत नाही. कांदा बारीक चिरतात, भांडं स्वच्छ धुतात, पोळी पातळ लाटतात, कणीक घट्ट मळतात. बारीकपण चिरणाऱ्याचं नाही, चिरण्याचंही नाही. ते कांद्याला येतं. जो गुण क्रिया संपल्यावर वस्तूत उरतो, त्याला मराठी कुठलाही प्रत्यय लावत नाही, विशेषण तसंच उचलून क्रियापदाशेजारी बसवते. आणि ते विशेषण खरोखर वस्तूचंच आहे, याचा पुरावा विळीवर मिळतो. कांदा उभा चिर. मिरची उभी चिर. वांगं उभं चिर. भेंडी तिरकी काप, गाजर तिरकं काप. शाळेत याला क्रियाविशेषण अव्यय म्हणतात, आणि अव्यय म्हणजे जे बदलत नाही ते. इथे तर ते भाजीगणिक लिंग बदलतंय. बारीक, पातळ, घट्ट, स्वच्छ यांचं हे लक्षात येत नाही, कारण ही विशेषणं एरवीही बदलत नाहीत. आकारान्त विशेषण आलं की गुपित उघडं पडतं. गाण्याचंही तसंच: तो चांगला गातो, ती चांगली गाते. इथे जुळणी कर्त्याशी आहे, भाजीसारखी कर्माशी नाही. आणि दोघांच्याही गाण्याबद्दल तटस्थपणे बोलायचं असेल तर ‘चांगलं गातो, चांगलं गाते’ असं नपुंसकलिंगी रूपही चालतं. तीन वाटा आहेत आणि मराठी माणूस दिवसभरात तिन्हींवरून न चुकता ये-जा करतो.

तेव्हा ‘पणे’ लावण्याआधी एक प्रश्न विचारून पाहावा: काम झाल्यावर हा गुण कुठे सापडेल? वस्तूत सापडत असेल तर विशेषण नुसतं ठेवायचं. कर्त्याच्या मनात सापडत असेल तर ‘पणे’, किंवा ‘ने’: प्रेमाने, रागाने, हट्टाने. कुठेच सापडत नसेल, म्हणजे तो शब्द मुळातच क्रियाविशेषण असेल, तर काहीही जोडायचं नाही. सावकाश हा शब्द ‘स’ आणि ‘अवकाश’ यांचा, म्हणजे मोकळी जागा हाताशी ठेवून. त्याला पुन्हा ‘पणे’ लावून सावकाशपणे करणं म्हणजे घातलेल्या सदऱ्यावर सदरा. अचानकपणे, बिनदिक्कतपणे, मुद्दामपणे यांचंही तेच. ‘रीत्या’चा उपद्रव याहून मोठा आहे. रीति या संस्कृत शब्दाची तृतीया रीत्या, म्हणून ‘री’ दीर्घ. छापलं जातं मात्र बहुतेक वेळा ‘रित्या’. फोनवर येतं, ‘फाइल यशस्वीरित्या जतन केली’. जतन झाली म्हणजे यश त्यात आलंच. ‘फाइल जतन झाली’ यात काय कमी आहे?

हे सगळं होतं कारण पाटी, पाकीट आणि फोन यांवरचं मराठी आधी इंग्रजीत लिहिलेलं असतं. इंग्रजीत विशेषणाला एक शेपूट लावलं की बहुतेक वेळा क्रियाविशेषण तयार. भाषांतर करणारा त्या शेपटाला मराठी जोड शोधतो, आणि ‘पणे’ हाताशी असतो. प्रश्नाचा साचा उत्तराचा साचा ठरवतो. पाटीपुरतं हे फार मोठं नुकसान नाही, पेनाने दुरुस्त करता येतं. पण जी भाषा फारशी लिहिली गेलेली नाही, तिच्याबाबत हेच घडलं तर?

जॉर्ज ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने चालवलेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ साली आला, आणि अरुणाचलच्या पूर्व टोकाला बोलल्या जाणाऱ्या मिश्मीची नोंद तिसऱ्या खंडाच्या पहिल्या भागात, १९०९ साली. दोन्हींवर काम केलं ते स्टेन कोनो या नॉर्वेजियन विद्वानाने. सर्वेक्षणाची प्रमाण यादी सगळ्या भाषांना एकच होती: २४१ शब्द आणि वाक्यं. त्यात सुटी क्रियाविशेषणं आहेत ती वर, खाली, जवळ, दूर, पुढे, मागे अशी, सगळी जागेची. हळू नाही, पटकन नाही, नीट नाही. रीत सांगणारा शब्द डोकावतो तो शेवटाकडे, एका वाक्यात: ‘त्याला चांगला मार आणि दोरांनी बांध.’ मराठीपुरतं हे एक वाक्यसुद्धा किती सांगून जातं पाहा. ‘त्याला चांगला बदडला’, ‘तिला चांगली बदडली’: कर्माला ‘ला’ लागलाय, तरी चांगला-चांगली त्याच्याकडेच बघून बदलतंय. पण हे कळायला ‘तिला’ असलेलं दुसरं वाक्यही विचारावं लागतं, आणि यादीत ते नाही.

मिश्मी म्हणून एक भाषा नाही. दिबांगच्या खोऱ्यात, रोइंगपासून वर अनिनीपर्यंत, इदू. लोहितच्या बाजूला, तेजू आणि हवाईकडे, दिगारू म्हणजेच तराओन, आणि मिजू म्हणजेच कमान. इदू आणि तराओन एकमेकींच्या जवळच्या; कमान त्यांच्यापासून बरीच वेगळी, शेजारामुळे सारख्या नावाखाली आलेली. तिन्हींत क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी, आणि तिन्हींत सूर बदलला की शब्द बदलू शकतो. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने १९८४ साली मिश्मीचं व्याकरण छापलं. तिथे जाऊन आज कुणी क्रियाविशेषणं गोळा करायला बसला, तर मधली भाषा बहुधा हिंदी असणार. पूर्वी ती असमिया असायची. हिंदीतून विचारणार, ‘धीरे-धीरे को क्या बोलते हैं?’ समोरची आजी एक शब्द देणार. वहीत एक ओळ भरणार. आता हाच प्रश्न एखाद्या मराठी आजीला विचारला असता तर? ती ‘हळूहळू’ म्हणाली असती, आणि हळू, हळूच, सावकाश, हळुवार हे चौघे वहीबाहेर राहिले असते. आजी चुकली असं कुणी म्हणणार नाही. प्रश्नात दारच एक ठेवलं होतं.

म्हणून क्रियाविशेषण सुटं मागायचं नसतं, काम करून दाखवायचं आणि काय म्हणाल ते ऐकायचं. मिश्मी टेकड्यांत नद्यांवर वेताचे झुलते पूल बांधत आले आहेत. त्या पुलावरून जाणाऱ्या लहान मुलाला मागून काय सांगतात? मराठीत तिथे ‘हळू’ येईल, ‘जपून’ येईल, ‘सांभाळून’ येईल, ‘धरून धरून जा’ येईल; यातला फक्त पहिला शब्द वेगाचा आहे. मिश्मी बायका कमरेला पट्टा अडकवून बसायच्या मागावर विणतात, आडवा धागा लाकडी पट्टीने ठोकून बसवतात. शिकणाऱ्या मुलीला ‘घट्ट ठोक’ कसं सांगतात? ते घट्टपण ठोकण्याला लावतात की कापडाला? हा प्रश्न आपल्या विळीवरच्या उभ्या मिरचीचाच आहे. मग तोच शब्द दुसऱ्या क्रियापदाशेजारी ठेवून बघायचा: घट्ट बांध, घट्ट धर, घट्ट झोप. जिथे ऐकणारा हसला तिथे त्या शब्दाची हद्द संपली. नंतर एकाच्या जागी अनेक वस्तू ठेवायच्या, आणि शेवटी वाक्य नकारात फिरवायचं. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. तिचा उपयोग मराठीवरच चांगला दिसतो.

‘कन’ घ्या. आवाजाचा किंवा हालचालीचा एक तुकडा, त्याला ‘कन’: पटकन, खाडकन, धपकन, टचकन, ताडकन, गपकन. ग्रामीण बोलीत ‘दिशी’ किंवा ‘दिनी’: खाडदिशी, फाडदिशी, पटदिनी. ‘कन’चा अर्थ एकच, की घटना एका ठोक्यात झाली. तोच तुकडा दुहेरी केला की ठोका लांबतो: पटपट, टपटप, सपसप, गपगप. आणि मधे ‘आ’ घातला की ठोके एकामागून एक, अनेक वस्तूंवर किंवा अनेकांकडून पडतात: पटापट, टपाटप, सपासप, गपागप, धडाधड. दार धाडकन लागतं. वारा सुटला की वाड्यातली सगळी दारं धडाधड लागतात. एक आंबा टपकन पडतो. झाड हलवलं की टपाटप पडतात. ‘एकच दार धडाधड लागलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ते उघडून-मिटून आपटताना दिसू लागतं. एवढा नेमका हिशेब आहे हा, आणि कुठल्याही पाठ्यपुस्तकाशिवाय चार वर्षांच्या पोराला तो येतो. अक्षरांचंही वजन असतं: टपकन थेंब पडतो, धपकन पोतं पडतं, टुणकन बेडूक उडी मारतो, म्हैस कधी टुणकन मारत नाही.

पण यातले बहुतेक शब्द कुठल्याही क्रियापदाशेजारी बसत नाहीत. टचकन येतं ते डोळ्यांत पाणी. ताडकन उठतात, ताडकन झोपत नाहीत. सर्रकन अंगावर काटा येतो, कचकन ब्रेक दाबतात, खळकन काच फुटते. क्रियाविशेषण ऐकलं की क्रियापद येण्याआधीच दिसतं. आता नकार घालून बघा. ‘तो ताडकन उठला नाही.’ ‘तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं नाही.’ वाक्य अडतं. जे घडलंच नाही त्याचा आवाज कसा ऐकू येणार? पटकन मात्र नकार सहज पेलतो: ‘पटकन उठला नाही, म्हणून गाडी चुकली.’ याचा अर्थ पटकन मूळ आवाज विसरून साधं वेगाचं क्रियाविशेषण झालाय, ताडकन अजून उठण्याच्या धक्क्यात आहे. यादीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतील, एकाच प्रत्ययाचे म्हणून. त्यांच्यातलं अंतर कळतं ते नकारातच.

क्रियापदांतून आलेली क्रियाविशेषणं हा आणखी एक मोठा गोतावळा. निक्षून सांगितलं, आवर्जून बोलावलं, करकचून बांधलं, ठासून भरलं. यातल्या निक्षूनमागचं क्रियापद बोलीतून गेलंय. निक्षतो-निक्षते असं आज कुणी म्हणत नाही, पण त्याचं ‘ऊन’ रूप सांगण्याच्या शेजारी जिवंत आहे. चुकून आणि न चुकता ही जोडी तर मला फार आवडते. ‘तो चुकून येतो’ म्हणजे यायचं नव्हतं तरी आला. ‘तो न चुकता येतो’ म्हणजे दर गुरुवारी सहाला हजर. एकाच चुकण्यातून दोन टोकाची माणसं. आणि हसत हसत, रडतखडत, बघता बघता, कळत नकळत यांत दुहेरीपणाचं ते जुनं यंत्र पुन्हा चालू आहेच.

तर ती पाटी. वाचनालयाचं ते दार जुनं, सागवानी, वर स्प्रिंग बसवलेली. मोकळं सोडलं की धाडकन आदळतं आणि वर्तमानपत्रं वाचणारी चार डोकी एकदम वर होतात. हळूच लावायचं तर मूठ सोडायची नाही. दार येऊ द्यायचं, शेवटचं चार बोटं अंतर उरलं की स्प्रिंगच्या ओढीला उलटा ताण द्यायचा, मूठ दाबून कडीची जीभ आत ठेवायची, दार चौकटीला टेकलं की मगच मूठ सैल सोडायची. खट् होत नाही. पाटीवरच्या दुरुस्तीत हे सगळं आलंय. राहिलंय ते एवढंच, की हळूच हा शब्द दार लावण्याशेजारचा आहे. घरात सगळे ‘दार हळूच लाव’ म्हणतात. ‘दरवाजा हळूच बंद करावा’ मध्ये तो अजून थोडा परक्या घरात उभा आहे. पेनाने एकाच शब्दावर रेघ मारली. ‘बंद करावा’च्या वर अजून रिकामी जागा आहे.